'स्वतंत्र' हे विशेषण कोणाचे? : बेनिकासिमच्या निमित्ताने

समीक्षेच्या परिभाषेत काही शब्द असे असतात की ते वापरणाऱ्याला विचाराच्या कष्टातून मोकळे करतात. 'स्वतंत्र संगीत' हा त्यांपैकी एक. इंग्रजीतील 'इंडिपेंडंट' आणि त्याचे लाडके रूप 'इंडी' यांचा हा मराठी पर्याय वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून निघून चर्चासत्रांच्या निबंधांत येऊन स्थिरावला आहे. त्याच्या जोडीला 'कार्निव्हल', 'सीमावर्ती अवकाश', 'प्रतिसंस्कृती' ही चलनी नाणी ठेवली, की एखाद्या संगीत महोत्सवाचे 'वाचन' पूर्ण झाले असे मानण्याचा प्रघात पडतो आहे. समुद्रकाठचे गाव, उन्हाळ्यातले तीन-चार दिवस, तंबूंत राहणारी हजारो तरुण मुले, पहाटेपर्यंत चालणारे वादन : एवढ्या सामग्रीवर बाख्तिनचा शिक्का मारला की मुक्तीचा सिद्धान्त तयार होतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या पद्धतीला आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील बेनिकासिम येथे १९९५ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचे. आद्याक्षरांवरून त्याला 'फिब' म्हटले जाते, आणि स्पेनमध्ये 'इंडी' या शब्दाला सर्वसामान्य वाचकापर्यंत नेण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. एखाद्या संकल्पनेचा आशय तीन दशकांत कसा गळत जातो, हे इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे गाव सापडणे कठीण.

गावाबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. कारण महोत्सवाचे भाष्यकार बहुधा तो कोऱ्या वाळूवर उगवल्यासारखे बोलतात. बेनिकासिम हे कास्तेयोन प्रांतातले लहान गाव. नावाचे मूळ अरबी, 'बनी कासिम', म्हणजे कासिमचे वंशज. भाषा वालेन्सियन, म्हणजे कातालानचेच एक रूप. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या मागोमाग शहरांतले धनिक येथे आले आणि त्यांनी किनाऱ्यालगत बंगल्यांची रांग उभी केली. या रांगेचे लोकांच्या तोंडी दोन भाग होते : मौजमजेचा तो 'इन्फिएर्नो', नरक, आणि शांत, देवभोळ्या कुटुंबांचा तो 'कोर्ते सेलेस्तियाल', देवदरबार. यादवी युद्धात याच बंगल्यांत आंतरराष्ट्रीय ब्रिगेडच्या जखमी सैनिकांवर उपचार झाले. १९६७ पासून गिटारवादनाची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा या गावात भरत आली आहे. ज्या फ्रान्सिस्को तार्रेगाच्या नावाने ती भरते तो याच प्रांतातल्या विला-रेआलचा. इटलीत सुरू झालेला रोतोतोम हा रेगे संगीताचा महोत्सव तेथील सरकारी छळाला कंटाळून २०१० मध्ये येथेच आला. म्हणजे मौजेची आणि भक्तीची, संगीताची आणि पाहुण्यांची या गावाची स्वतःची वर्गवारी होती, आणि ती कोणत्याही सिद्धान्ताच्या आधीची होती.

आता कार्निव्हलच्या वाचनाकडे वळता येईल. समुद्रकाठचे विश्रांतिस्थान आणि कार्निव्हल यांची सांगड घालणारी विद्वत्ता हलकी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पीटर स्टॅलिब्रास आणि अ‍ॅलन व्हाइट यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात असे दाखवले, की इंग्लंडमध्ये शहरांच्या मध्यभागातून हुसकावला गेलेला कार्निव्हल हळूहळू किनाऱ्याकडे, देशाच्या भौगोलिक कडेला सरकला. रॉब शील्ड्स यांनी १९९१ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्याचे असेच विवेचन केले. दोन्ही ठिकाणी लेखकांच्या नजरेसमोर इतिहास होता : कोणत्या कायद्याने कोणती जत्रा बंद झाली, रेल्वेने कोणता वर्ग किनाऱ्यावर आणला, पोलीस कोठे उभे राहिले. त्यांच्या अनुयायांनी इतिहास वगळला आणि उपमा ठेवली.

बाख्तिनने राब्लेवरील ग्रंथात कार्निव्हलचे जे लक्षण सर्वांत आग्रहाने सांगितले ते म्हणजे रंगमंचाचा अभाव. तेथे नट आणि प्रेक्षक असा भेद नसतो; कार्निव्हल कोणी पाहत नाही, सर्व जण तो जगतात; त्याला बाहेर नसते. हे लक्षण बेनिकासिमच्या मैदानाला लावून पाहावे. महोत्सव भरतो तो गावाबाहेरच्या कुंपण घातलेल्या मैदानात. प्रवेशासाठी मनगटाला पट्टी बांधावी लागते, पट्टीसाठी तिकीट आणि तिकिटासाठी पैसे. व्यासपीठे एकाहून अधिक असतात आणि त्यांच्यात लहान-मोठ्याची स्पष्ट उतरंड असते. ही उतरंड वर्षाच्या जाहिरातफलकावर अक्षरांच्या आकारातून महिनोन्महिने आधी घोषित झालेली असते. कार्निव्हलमध्ये राजा आणि विदूषक यांची अदलाबदल होते. येथे आरंभी वाजवणारा वाद्यवृंद आणि रात्री उशिरा वाजवणारा वाद्यवृंद यांची अदलाबदल करण्याची कोणाची छाती नाही. व्हिक्टर टर्नरने तर याच घोटाळ्याची पूर्वकल्पना येऊन १९७४ मध्येच विधीतील 'सीमावर्ती' अवस्था आणि औद्योगिक समाजातील, ऐच्छिक, विकत घेता येणारी, वरवर तिच्यासारखी दिसणारी अवस्था यांत भेद केला होता आणि दुसरीसाठी वेगळी संज्ञा घडवली होती. टर्नरचे नाव घेणारे बहुतेक जण पहिल्या संज्ञेवरच थांबतात. उंबरठा हा शब्द सुंदर आहे. उंबरठ्यावर तिकीट तपासणारा उभा आहे, हे सांगितल्याने तो थोडा कमी सुंदर होतो इतकेच.

मराठीत या ठिकाणी 'जत्रा' हा शब्द वापरण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. जत्रेला दैवत असते, मानकरी असतात, पालखीचा क्रम ठरलेला असतो. त्या मानात जातीची उतरंड असते आणि तिच्याविरुद्ध भांडणेही होतात. पण जत्रेत शिरण्याचे तिकीट नसते, आणि जत्रा एका वर्षी एका कंपनीने दुसऱ्या कंपनीला विकली असे घडत नाही. कार्निव्हलला जत्रा आणि महोत्सवाला कार्निव्हल म्हणणारी समीक्षा तीन भिन्न संस्थांना एका पोत्यात भरते.

कार्निव्हलपेक्षा अधिक चिवट घोटाळा 'स्वतंत्र' या शब्दाचा आहे, आणि त्याचा उगम ब्रिटनमध्ये शोधावा लागतो. तेथे जानेवारी १९८० मध्ये 'इंडिपेंडंट' ध्वनिमुद्रिकांची खपाची वेगळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. यादीत येण्याचा निकष आवाजाचा नव्हता. ध्वनिमुद्रिका मोठ्या कंपन्यांच्या वितरणव्यवस्थेबाहेरून दुकानांत पोचलेली असली पाहिजे, एवढाच तो निकष होता. १९७६ मध्ये लंडनमध्ये दुकान म्हणून सुरू झालेल्या आणि १९७८ मध्ये लेबल झालेल्या 'रफ ट्रेड'सारख्या संस्थांनी व्हॅन, गोदामे, उधारीच्या वह्या आणि प्रादेशिक दुकानदारांचे जाळे उभारले, म्हणून हा शब्द जन्माला आला. त्याचा अर्थ पूर्णपणे संबंधवाचक होता : माल कोणाच्या गाडीतून जातो? या निकषाचा काटेकोरपणा असा, की १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कायली मिनोगची चकचकीत नृत्यगीतेही त्या यादीच्या शिखरावर गेली, कारण तिचे लेबल स्वतंत्र वितरणातून माल पाठवीत होते. गिटारप्रेमी तरुणांना हा विनोद वाटला. वास्तविक विनोद झालाच नव्हता. यादी आपले काम चोख करीत होती.

विनोद झाला तो दुसरीकडे. १९८६ मध्ये एका ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने बावीस वाद्यवृंदांची एक ध्वनिफीत काढली. तिच्या नावावरून किणकिणती गिटारे, अर्धवट शिकलेला वाटणारा आवाज, शाळकरी हळवेपणा अशा एका शैलीची ओळख पक्की झाली. येथून पुढे 'इंडी' हा वितरणाचा शब्द राहिला नाही, तो ध्वनीचा शब्द झाला. आणि ध्वनीची नक्कल कोणतीही कंपनी करू शकते. डेव्हिड हेसमंडाल्घ यांनी १९९९ मधील आपल्या निबंधात या संगीतप्रकाराचे संस्थात्मक राजकारण आणि त्याचे सौंदर्यशास्त्र यांची सांगड मांडली. दोन्हींत फारकत कशी होते हेही त्यातून कळते. मात्र आपल्याकडे त्या निबंधाचा उत्तरार्ध उद्धृत होतो आणि पूर्वार्ध, म्हणजे संस्थांचा भाग, कंटाळवाणा म्हणून सोडला जातो.

स्पेनमध्ये हा शब्द आला तो या दुसऱ्या, शैलीवाचक अर्थाने. त्याआधी तेथे प्रत्यक्ष स्वतंत्र संस्था नव्हत्या असे नाही. माद्रिदमध्ये १९८२ मध्ये संगीतकारांनीच काढलेले 'द्रो' हे लेबल होते आणि त्यावर स्पॅनिश गाणी निघत होती. त्याला कोणी 'इंडी' म्हटले नाही, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी ते वॉर्नरच्या पोटात गेले. साधारण त्याच सुमारास 'इंडी' म्हणवणारी नवी पिढी उदयाला आली, आणि तिचे सर्वांत ठळक लक्षण हे होते की तिच्यातले अनेक जण इंग्रजीत गात होते. खिखोनचे ऑस्ट्रेलियन ब्लाँड, बास्क प्रांतातले एल इन्किलिनो कोमुनिस्ता, पुढे माद्रिदचे डोव्हर : स्पॅनिश मातृभाषेची ही मुले उसन्या भाषेत गात होती, आणि त्यांचे श्रोते ती भाषा पुरती समजत नसूनही त्यात प्रामाणिकपणा शोधत होते.

येथे देशीवादी समीक्षकाला हातात आयते उदाहरण मिळाल्यासारखे वाटेल. वसाहतीकृत मन, आयात केलेली बंडखोरी, मुळे तुटलेला अभिजन : वाक्ये तयारच आहेत. त्याच्या बाजूने पुरावाही आहे असे वाटते, कारण ग्रनादाचे लोस प्लानेतास स्पॅनिशमध्ये गात होते, १९९५ च्या पहिल्या फिबमध्ये त्यांनी वाजवले, आणि त्यानंतर या सबंध पिढीचे तेच मानचिन्ह ठरले. पुढील काळात तर त्यांनी आपल्या आन्दालुसियातील फ्लामेन्कोकडेही मोर्चा वळवला. भाषा परत मिळाली, मुळे परत मिळाली, देशीवादाचा विजय.

मात्र ध्वनिमुद्रिकेच्या पाठीवरचे नाव वाचले की हा विजय डळमळतो. लोस प्लानेतासची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९९४ मध्ये निघाली ती आरसीए या बहुराष्ट्रीय कंपनीच्या लेबलवर. उलट ऑस्ट्रेलियन ब्लाँडची इंग्रजी गाणी १९९३ मध्ये आणि डोव्हरची १९९७ मधील, लाखोंनी खपलेली इंग्रजी ध्वनिमुद्रिका 'सबटरफ्यूज' या माद्रिदच्या छोट्या स्वतंत्र लेबलवर निघाली. म्हणजे भाषेने 'देशी' असलेले गाणे भांडवलाने परकीय होते, आणि भाषेने परके असलेले गाणे देशी दुकानातून निघत होते. यात आणखी एक गाठ आहे : ऑस्ट्रेलियन ब्लाँडचे गाजलेले गाणे पेप्सीच्या जाहिरातीत वाजले. भाषेचा निकष, लेबलाचा निकष आणि जाहिरातदाराचा निकष हे तीन आस एकमेकांना असे छेदतात की त्यांतून 'स्वतंत्र' नावाचा एकही एकसंध गट हाती लागत नाही. ज्या समीक्षेला संहितेच्या भाषेवरून तिचे राजकारण ओळखता येते असा विश्वास वाटतो, तिने या छेदबिंदूपाशी थोडा वेळ उभे राहावे.

देशीवादाचा प्रश्न गंभीरपणे विचारायचा असेल तर तो स्पॅनिशबद्दल विचारून भागणार नाही. बेनिकासिमची भाषा स्पॅनिश नाही. फिबच्या फलकांवर इंग्रजी आणि स्पॅनिश यांचेच राज्य राहिले. गावाची वालेन्सियन कडेला पडली. ती गात नव्हती असे नाही. १९९३ मध्ये वालेन्सिया शहरात सुरू झालेल्या ओब्रिन पाससारख्या वाद्यवृंदांनी वालेन्सियनमध्ये गाऊन वीस वर्षे हजारोंची गर्दी जमवली, तीही लहान लेबले, गावोगावचे सण, विद्यार्थी संघटना आणि भाषाप्रेमी मंडळे यांच्या जोरावर. कास्तेयोन प्रांतातच, समुद्रापासून आत, बेनल्योक या चिमुकल्या गावात २००७ मध्ये केवळ वालेन्सियन गाण्यांचा महोत्सव सुरू झाला. संबंधाच्या निकषावर या परिसरात 'स्वतंत्र' म्हणावे असे जर काही असेल तर ते हे. पण याला 'इंडी' म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. याला 'वालेन्सियनमधील संगीत' असे, भाषेचे नाव देऊन, एका कोपऱ्यात बसवण्यात आले. नाव देण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे या वर्गवारीवरून कळते. ज्याची भाषा सांगावी लागते तो प्रादेशिक. ज्याची सांगावी लागत नाही तो स्वतंत्र.

महोत्सवाची मालकी हा विषय समीक्षकांना रूक्ष वाटतो. तरीही तो क्रमाने सांगितला पाहिजे. मिगेल आणि खोसे मोरान हे बंधू आणि स्वतंत्र लेबलांच्या जगातले त्यांचे सहकारी यांनी हा खटाटोप आरंभला, तेव्हा प्रेक्षक काही हजार होते. १९९७ मध्ये वादळाने मंडप उधळला आणि महोत्सव अर्ध्यात थांबवावा लागला, तरी पुढल्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले. या टप्प्यावर त्यांचे स्वातंत्र्य खरे होते, म्हणजे बुडण्याची जोखीम त्यांची स्वतःची होती. २००० नंतरच्या दशकात बरीच वर्षे महोत्सवाच्या नावातच हायनेकेन बिअरचे नाव जोडले गेले. त्याच दशकात आयरिश आयोजक विन्स पॉवर याने त्यात भांडवल घातले आणि दशकाअखेर तो त्याचा मुख्य मालक झाला. ब्रिटनमधून येणाऱ्या तरुणांचे प्रमाण वाढत गेले आणि स्पॅनिश किनाऱ्यावरचा स्पॅनिश महोत्सव ब्रिटिश उन्हाळी सहलीचा एक थांबा बनला. २०११ मध्ये त्याची कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरली, २०१२ मध्ये बुडाली. २०१३ मध्ये बेनिकासिमचा महोत्सव चालवणाऱ्या संस्थेलाही धनकोंपासून संरक्षण मागावे लागले. २०१९ मध्ये तो 'द म्युझिक रिपब्लिक' या स्पॅनिश कंपनीकडे गेला. साथीमुळे २०२० आणि २०२१ कोरडी गेली, २०२२ मध्ये तो परतला. पुढे ही कंपनी ज्या सुपरस्ट्रक्ट नावाच्या समूहाच्या छत्राखाली होती तो समूह २०२४ मध्ये केकेआर या अमेरिकी गुंतवणूक-कंपनीने विकत घेतला.

या तीस वर्षांत 'स्वतंत्र' हे विशेषण कोठेही गळून पडले नाही, ही लक्षात घेण्याची गोष्ट आहे. उलट मालकी जितकी दूर गेली तितके विशेषण मौल्यवान झाले. कारण विकणाऱ्याजवळ विकण्यासारखे तेच होते. मैदान पालिकेच्या क्षेत्रातले, व्यासपीठे भाड्याची, वाद्यवृंद त्या उन्हाळ्यात इतर दहा ठिकाणी वाजवणारे. मग एका कंपनीने दुसरीकडून नक्की काय विकत घेतले? एक नाव, त्याला चिकटलेल्या आठवणी, आणि त्या आठवणींत मुरलेले एक विशेषण. अडोर्नो आणि होर्कहायमर यांच्या संस्कृतिउद्योगाच्या सिद्धान्तावर सर्व काही एकसारखे करून टाकल्याचा आरोप नेहमी होतो, आणि तो काही अंशी रास्त आहे. पण उद्योग भिन्नतेचाच माल करतो, हे त्यांचे निरीक्षण बेनिकासिमपाशी जुने वाटत नाही.

स्पॅनिश समीक्षेत या सर्वाची चिकित्सा झालेली नाही असे मुळीच नाही. विक्तोर लेनोरे यांनी २०१४ मध्ये 'इंडी' अभिरुचीवर एक घणाघाती पुस्तक लिहिले. ते स्वतः याच जगातले संगीत-पत्रकार होते, म्हणून त्या पुस्तकाला धार आहे. त्यांचा आरोप असा, की ही अभिरुची म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गाने कष्टकऱ्यांच्या आवडीनिवडीपासून स्वतःला वेगळे ठेवण्यासाठी घातलेले कुंपण होय. बोर्द्यूच्या १९७९ च्या 'भिन्नत्वा'च्या सिद्धान्ताचे हे उपयोजन आहे, आणि त्यात तथ्य पुष्कळ आहे. तरीही लेनोरे शेवटी श्रोत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. कोणी काय ऐकले, कोणता चष्मा घातला, कोणाकडे पाहून नाक मुरडले, याची झडती ते घेतात. हिशेबाची वही मात्र टेबलाच्या खणातच राहते. ती बाहेर काढली ती नान्दो क्रूथ यांनी, २०२३ मधील महाकाय महोत्सवांवरील आपल्या पुस्तकात : सार्वजनिक अनुदाने, जाहिरातदारांचे ब्रँड, राबणाऱ्यांची वेतने, आणि वर्षभर चालणाऱ्या छोट्या संगीतगृहांचे होणारे नुकसान. क्रूथ यांची भाषा सिद्धान्ताची नाही, वार्ताहराची आहे. सिद्धान्ताने लाजावे अशी ती आहे. ज्याला 'सांस्कृतिक उत्पादनाचे क्षेत्र' म्हणतात त्याचे वर्णन करताना बोर्द्यू स्वतः प्रकाशकांच्या याद्या, आवृत्त्या आणि विक्रीचे आकडे घेऊन बसत असे; त्याचे मराठी अनुवादित अवतार मात्र 'क्षेत्र' या शब्दाचा उच्चार करून तृप्त होतात.

याला प्रतिपक्ष असा येईल की हे समाजशास्त्र झाले, समीक्षा नव्हे. गाणे ही संहिता आहे, तिचा अर्थ तिच्या रचनेत आहे, मालकाच्या नावात नाही. या आक्षेपात गाण्यापुरते बळ आहे. लोस प्लानेतासचे गाणे आरसीएने काढले म्हणून वाईट ठरत नाही आणि डोव्हरचे गाणे छोट्या लेबलने काढले म्हणून चांगले ठरत नाही. पण वाद गाण्याच्या मूल्याचा नाही. गाण्याला लावलेल्या विशेषणाचा आहे. 'करुण' हे विशेषण संहितेत शोधता येते. 'स्वतंत्र' हे शोधता येत नाही. कारण त्याला दुसरे पद लागते : कोणापासून? विभक्तीवाचून ते अपुरे आहे. मराठी व्याकरण शिकलेल्या कोणालाही जे दिसायला हवे ते सिद्धान्त शिकल्यावर दिसेनासे व्हावे, हे चमत्कारिक आहे. पंचमी काढून टाकली की उरते ती केवळ एक छटा, आणि छटेचे रसग्रहण सुरू होते.

हा घोटाळा परक्यांचा आहे असे समजून निश्चिंत राहण्याचे कारण नाही. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या बाबतीत मराठी समीक्षेने नेमके हेच केले. 'शब्द', 'असो', 'वाचा' यांचे वेगळेपण प्रथम संपादकाच्या खिशात, सायक्लोस्टाइलच्या यंत्रात, टपालखर्चात आणि हातोहात वाटलेल्या अंकांत होते. प्रस्थापित मासिकाच्या संपादकाची संमती न घेता छापण्याची सोय हा त्यांचा अर्थ होता. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या, त्यात कवितेइतकाच प्रकाशनाच्या रीतीचाही निर्णय होता. पुढे अभ्यासक्रमात 'लघुनियतकालिकी कविता' अवतरली ती शैलीच्या लक्षणांची यादी म्हणून : तुटक ओळ, महानगरी प्रतिमा, शिवराळपणा, लघुलिपी. ही लक्षणे असलेली कविता मोठ्या प्रकाशनगृहाच्या कापडी बांधणीतही शोभून दिसते आणि 'लघुनियतकालिकी' म्हणून परीक्षेत विचारली जाते. किती अंक निघाले, पैसे कोणी घातले, छापखान्याची उधारी कशी फिटली, अंक बंद का पडला, याविषयी विद्यार्थ्याला एक ओळ येत नाही, कारण त्याला ती कोणी विचारलेली नाही. ज्यांना ती माहीत होती अशी माणसे एकेक करून निघून जात आहेत आणि जुने अंक रद्दीत चालले आहेत. शैली ग्रंथालयात सुरक्षित आहे. संबंधांची नोंद मात्र झाली तर आताच होईल.

म्हणूनच बेनिकासिमच्या इतिहासातली एक अलीकडची घटना सिद्धान्ताच्या दृष्टीने विशेष अडचणीची आहे. केकेआरच्या इस्रायलशी निगडित गुंतवणुकींचा प्रश्न २०२५ मध्ये स्पेनमधील अनेक महोत्सवांभोवती पेटला. त्या उन्हाळ्यात फिबमध्ये गाण्याचे ठरलेल्या रेसिदेन्ते याने याच कारणासाठी आपला सहभाग मागे घेतला. रेसिदेन्ते हा प्वेर्तो रिकोचा रॅपगायक; सोनीसारख्या बहुराष्ट्रीय कंपनीबरोबर त्याने वर्षानुवर्षे काम केलेले; त्याच्या गाण्यात किणकिणती गिटारे नाहीत, हळवा संकोच नाही, १९८६ च्या त्या ध्वनिफितीशी त्याचे दूरचेही नाते नाही. 'इंडी'च्या शैलीलक्षणांची कोणतीही यादी पुढे ठेवली तरी तो त्यात बसत नाही, आणि फिबच्या पहिल्या दहा वर्षांत त्याच्या जातीच्या संगीताला त्या व्यासपीठावर क्वचितच जागा मिळाली असती. विशेषणाला हरवलेली पंचमी परत जोडली ती याने. मालक कोण, हा प्रश्न त्याने महोत्सवाला विचारला. तीस वर्षांच्या रसग्रहणात तो कोणी विचारल्याचे फारसे आढळत नाही.